वर गेले ते खाली येणारच!

अंतराळवीरांना सुखरूप खाली आणणाऱ्या हवाई छत्र्यांची परीक्षा झाशीजवळच्या बबीना येथे घेतली जाते. पण दरवर्षी शेकड्यांनी सुटणारी रॉकेटे आणि हजारोंनी फिरणारे उपग्रह खाली येतात, तेव्हा त्यांना छत्री कोण लावणार?

झाशी म्हटले की मराठी घरात आधी आठवते ती राणी, मग तो किल्ला, आणि घरात कोणी वाचणारे असेल तर वरसईचे गोडसे भटजी. १८५८ च्या वेढ्यात झाशीत सापडलेल्या या भिक्षुकाने शहरावर पडणाऱ्या तोफगोळ्यांची हकिगत मराठीत लिहून ठेवली आहे. वरून काहीतरी येऊन पडण्याची धास्ती काय असते, हे या शहराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आज त्याच झाशी जिल्ह्यात वरून खाली येणाऱ्या एका निराळ्याच वस्तूची परीक्षा चालते. मुंबईहून पंजाब मेलने दिल्लीकडे जाताना ललितपूर मागे पडले की गाडी बबीना स्टेशनावरून पुढे झाशीत शिरते. खिडकीतून दिसतो तो बुंदेलखंडाचा खडकाळ, झुडपांचा माळ. बबीना ही लष्कराची जुनी छावणी. तिला लागून असलेल्या विस्तीर्ण मैदानावर रणगाडे आणि तोफा गोळाबारीचा सराव करतात. हा सराव म्हणजे खेळ नव्हे. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी याच ठिकाणी एका टी-९० रणगाड्याची नळी फुटून दोन जवानांना प्राण गमवावे लागले.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, याच मैदानावर हवाई दलाचे आयएल-७६ हे अजस्र मालवाहू विमान घिरट्या घालू लागले. त्याच्या पोटात पाच टनांचा एक ठोकळा होता. म्हणजे जवळजवळ एका थोराड हत्तीचे वजन! ‘गगनयान’ मोहिमेत भारतीय अंतराळवीर ज्या कुपीत बसून परत येणार आहेत, त्या कुपीच्या वजनाइतकाच हा ठोकळा बनवला होता. अडीच किलोमीटर उंचीवरून तो खाली सोडण्यात आला.

गगनयानाच्या कुपीला शेवटच्या टप्प्यात तीन मोठ्या छत्र्या लागतात. खरे तर दोन छत्र्याही पुरेशा असतात, तिसरी जादा. मग त्या तीनपैकी एक उघडलीच नाही तर? नेमकी हीच परिस्थिती त्या दिवशी मुद्दाम घडवून आणली होती. आधी छोट्या छत्र्या स्फोटकाच्या साहाय्याने उडाल्या, त्यांनी मोठ्या छत्र्यांना ओढून बाहेर काढले. या मोठ्या छत्र्या एकदम पूर्ण उघडत नाहीत. एकदम उघडल्या तर बसणाऱ्या हिसक्याने कापड फाटेल, दोऱ्या तुटतील. म्हणून घागऱ्याला नाडी ओवावी तशी छत्रीच्या काठाला एक दोरी ओवलेली असते. तिच्यामुळे छत्री आधी अर्धवट फुगते, वेग थोडा आवरते, मग ठरलेल्या क्षणी ती दोरी कापली जाते आणि छत्री पूर्ण फुलते. दोन-तीन मिनिटांत सारा खेळ आटोपला आणि ठोकळा अलगद जमिनीला टेकला.

३ नोव्हेंबर २०२५ रोजी बबीन्यात पुन्हा अशीच चाचणी झाली. या वेळी प्रश्न आणखी अवघड होता. दोन छत्र्यांपैकी एकीची दोरी आधी कापली गेली आणि दुसरीची उशिरा, तर सगळा भार एकाच बाजूला येईल. तो भार छत्र्या सोसतील का? त्यांनी तो सोसला.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणाला वाटेल. एप्रिल १९६७ मध्ये व्लादिमिर कोमारोव्ह हा रशियन अंतराळवीर अवकाशातून सुखरूप परतला होता. पृथ्वी गाठायला शेवटचे काही किलोमीटर उरले असताना त्याच्या सोयूझ यानाची मोठी छत्री उघडली नाही, आणि तो गेला. अवकाशात जाणे अवघड, पण परत येणे त्याहून अवघड. जुलै २०२५ मध्ये लखनौचे शुभांशू शुक्ला समुद्रात उतरत होते, तेव्हा त्यांच्या घरच्यांची नजर कुठे खिळली असेल? त्या उघडणाऱ्या छत्र्यांवरच.

तेव्हा बबीन्याच्या माळावर घेतली जाणारी ही मेहनत कौतुकाचीच आहे. प्रश्न उभा राहतो तो पुढे. माणूस बसलेल्या एका कुपीसाठी एवढी तयारी होते. पण तिला वर नेणारे रॉकेट, त्याचे सुटे झालेले टप्पे, निकामी उपग्रह, टाक्या, कडी, बोल्ट हे सगळेही कधी ना कधी खाली येणारच असते. त्यांना छत्री नसते.

गुढीपाडव्याची रात्र

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भातल्या कित्येक गावांतून लोकांनी आकाशात आगीचे लोळ जाताना पाहिले. मध्य प्रदेशातूनही ते दिसले. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटले, कोणी क्षेपणास्त्र. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धातूचे एक मोठे कडे येऊन आदळले. त्याचा व्यास दोन-तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या वर. तालुक्यात धातूचे पोकळ गोळेही सापडले. कडे पोलीस ठाण्यात नेण्यात आले आणि काही दिवसांनी ‘इस्रो’चे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले.

 कोणाला इजा झाली नाही, हे केवळ नशीब.

ते कडे कुठून आले? रॉकेटांचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते, फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च ३ बी’ रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा. म्हणजे उपग्रह आपल्या कामाला लागला, आणि ज्याने त्याला वर नेले तो टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती भटकत राहिला. हवेच्या अतिविरळ थरांशी घासत घासत तो खाली आला आणि शेवटी सिंदेवाहीवर कोसळला. पुढच्याच महिन्यात गुजरातेत आणंद आणि खेडा जिल्ह्यांतही असेच धातूचे गोळे पडले.

हे गोळे म्हणजे बहुधा दाबाखाली वायू किंवा इंधन भरून ठेवण्याच्या टाक्या. त्या फार चिवट धातूच्या असतात, म्हणून वातावरणातून येताना रॉकेटचा इतर भाग जळाला तरी त्या शिल्लक राहतात. घरात होळी पेटवली की लाकडे जळून जातात, पण चुकून त्यात पडलेला पितळी गडू राखेत सापडतो, तसेच हे.

वयाची साठी ओलांडलेल्या वाचकांना १९७९ चा जुलै आठवत असेल. अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही पंचाहत्तर टनांहून जड प्रयोगशाळा कोसळणार म्हणून अवघ्या देशात घबराट उडाली होती. आता मरायचेच आहे तर खाऊन-पिऊन मरू, म्हणून घरातल्या कोंबड्या-बकऱ्या कापल्याच्या गोष्टी गावोगाव आजही सांगितल्या जातात. प्रत्यक्षात स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावाने ‘रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल’ अमेरिकेच्या अवकाश संस्थेला ४०० डॉलरचा दंड ठोठावला होता. थट्टाच ती, पण थट्टेतही न्याय होता.

मात्र बोट फक्त परक्यांकडे दाखवून भागायचे नाही. जुलै २०२३ मध्ये त्याच पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन हेड येथील किनाऱ्यावर पुरुषभर उंचीचे एक पिंप वाहत आले. ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने त्याची ओळख पटवली तेव्हा कळले की तो आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटचा तिसरा टप्पा होता! आपली रॉकेटे श्रीहरिकोटाहून समुद्रावर सुटतात, त्यामुळे टप्पे पाण्यात पडतात. ही आपल्या भूगोलाची कृपा. चीनचे शीचांग तळ देशाच्या पोटात आहे. तिथून सुटणाऱ्या रॉकेटांचे टप्पे खेड्यांच्या आसपास पडतात आणि त्यांत उरलेले विषारी इंधन तिथल्या लोकांच्या शेतात सांडते.

आकडे बोलतात

हे सारे आजच का आठवावे? कारण रॉकेटांची गर्दी. २००५ च्या सुमारास साऱ्या जगातून वर्षाला पन्नास-पंचावन्न रॉकेटे सुटत. २०२४ मध्ये अडीचशेहून अधिक सुटली आणि २०२५ मध्ये आकडा तीनशेच्या पलीकडे गेला. पृथ्वीभोवती काम करणाऱ्या उपग्रहांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या ‘स्टारलिंक’चे आहेत. भारतानेही १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच रॉकेटने १०४ उपग्रह सोडून जगाला चकित केले होते.

स्टारलिंकच्या एका उपग्रहाचे आयुष्य साधारण पाच वर्षांचे. त्यानंतर तो वातावरणात आणून जाळून टाकायचा आणि त्याच्या जागी नवा पाठवायचा. म्हणजे हजारो उपग्रह फिरत ठेवायचे असतील, तर दर पाच वर्षांनी हजारो जाळावेही लागणार. घरातली फुटकी बादली अंगणाबाहेर फेकावी आणि अंगण स्वच्छ झाले म्हणावे, तसा हा प्रकार! कारण जळलेला उपग्रह नाहीसा होत नाही, त्याची फक्त पूड होते.

ही पूड ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचा हिशेब असा, की अडीचशे किलोचा एक उपग्रह जळाला की सुमारे तीस किलो अतिसूक्ष्म ॲल्युमिनियम ऑक्साइड हवेत राहते. त्याच्या एक वर्ष आधी, २०२३ मध्ये, संशोधकांनी उंच उडणाऱ्या विमानांतून वरच्या थरातील कण गोळा केले होते. त्यांतल्या मोठ्या कणांपैकी दहा टक्क्यांत रॉकेट आणि उपग्रहांच्या धातूंचे अंश सापडले. हे कण जिथे तरंगतात तिथेच ओझोनचा थर आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपल्या डोळ्यांचे, कातडीचे आणि पिकांचे रक्षण करणारा हाच तो थर. १९८७ च्या माँट्रियल करारापासून जगाने मोठ्या कष्टाने त्याचे भोक बुजवत आणले आहे.

वर जातानाचा धूर वेगळाच. रॉकेटचे इंधन अनेक प्रकारचे असते. काहींत केरोसिन जळते आणि काजळी निघते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असते. रबरासारख्या पदार्थात अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची भुकटी कालवून ते बनवतात. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड निघतात. द्रव इंधनाचे ‘विकास’ इंजिन हायड्राझीनच्या जातीच्या इंधनावर चालते, ते इंधन श्वासात गेले तरी घातक. फक्त हायड्रोजन जाळणारी इंजिने त्या मानाने सोज्ज्वळ, त्यांच्यातून निघते ती मुख्यतः वाफ.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर अकारण घबराट व्हायची. जगातल्या सगळ्या रॉकेटांचा मिळून धूर हा मोटारी, विमाने आणि वीजकेंद्रे यांच्या धुरापुढे अजून चिमूटभर आहे. मग काळजी कसली? काळजी उंचीची. चुलीतून निघालेली काजळी दोन-चार पावसांत धुऊन जाते. रॉकेट तीच काजळी पावसाच्या ढगांच्या कितीतरी वर नेऊन सोडते, तिथे ती वर्षानुवर्षे तरंगत राहते आणि उन्हाने तापते. एका अभ्यासानुसार रॉकेटची काजळी हवा तापवण्याच्या बाबतीत जमिनीवरच्या आणि विमानांच्या काजळीपेक्षा सुमारे पाचशे पट प्रभावी आहे. म्हणून चिमूट आहे तोवरच मोजमाप केलेले बरे.

छावणीचे आकाश

पुन्हा झाशीकडे येऊ. बबीन्यातल्या त्या चाचणीत कोण कोण होते, ते पाहण्यासारखे आहे. ठोकळा अवकाश खात्याचा, छत्र्यांच्या कामात संरक्षण संशोधन संस्थेची आग्र्याची प्रयोगशाळा, विमान हवाई दलाचे आणि मैदान लष्कराचे. यात वावगे काही नाही. एवढी मोठी, मोकळी आणि माणसांना मज्जाव असलेली जागा दुसरीकडे कुठे मिळणार? पण आपल्या देशातच नव्हे, साऱ्या जगात अवकाश आणि युद्ध ही दोन खाती एकाच अंगणात कशी नांदतात, याचे हे बोलके चित्र आहे.

झाशीला हे नवे नाही. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीच्या दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते इथे ‘भारत डायनॅमिक्स’च्या ४०० कोटी रुपयांच्या कारखान्याची कोनशिला बसवली गेली. उत्तर प्रदेशच्या संरक्षण उद्योग पट्ट्यातील झाशी विभागातला हा कारखाना रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांना ढकलणारी यंत्रणा बनवण्यासाठी आहे. शेती बेभरवशाची आणि तरुण पिढी कामासाठी बाहेर, अशा बुंदेलखंडाला कारखाना हवाच असतो. महाराष्ट्रातही वालचंदनगर आणि विक्रोळी इथल्या कारखान्यांत रॉकेटांचे भाग घडतात आणि त्यावर शेकडो घरांच्या चुली पेटतात.

क्षेपणास्त्र आणि रॉकेट ही सख्खी भावंडेच. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ रॉकेटने ‘रोहिणी’ उपग्रह वर नेला. त्याच रॉकेटच्या पहिल्या टप्प्यावर आधारलेले ‘अग्नी’ क्षेपणास्त्र मे १९८९ मध्ये उडाले. दोन्हींमागे डॉ. अब्दुल कलाम होते. उपग्रहांचेही तसेच. जो डोळा पूर आणि वणवा पाहतो, तोच शेजारच्या देशाचे रणगाडेही मोजू शकतो. २०१३ मध्ये नौदलासाठी आणि २०१८ मध्ये हवाई दलासाठी स्वतंत्र दळणवळण उपग्रह सोडले गेले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे बबीन्यातल्या दुसऱ्या चाचणीच्या आदल्याच दिवशी, नौदलासाठी ४,४१० किलोचा आणखी एक उपग्रह श्रीहरिकोटाहून गेला. मे २०२५ च्या लष्करी कारवाईच्या काळात किमान दहा उपग्रह देशाच्या सुरक्षेसाठी अहोरात्र काम करीत असल्याचे इस्रोच्या अध्यक्षांनी सांगितले होते. टेहळणीचे ५२ उपग्रह सोडण्याची योजना २०२४ मध्ये मंजूर झाली. सीमेवर ज्यांची मुले आहेत अशा घरांना याचा आधारच वाटेल, आणि वाटावा.

मग धोका कुठे आहे? धोका आहे तो उपग्रह फोडण्यात.

जानेवारी २००७ मध्ये चीनने क्षेपणास्त्र मारून आपलाच एक जुना हवामान उपग्रह फोडला. तो साडेआठशे किलोमीटरहून अधिक उंचीवर होता. त्याचे मोजता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले, आणि त्यांतले बरेचसे अजून फिरताहेत, कारण त्या उंचीवर त्यांना खाली ओढायला हवाच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने तोच उद्योग केला. दीड हजारांहून अधिक तुकडे उडाले आणि अंतराळ स्थानकातल्या लोकांना आपापल्या यानात शिरून बसावे लागले. विशेष म्हणजे त्या स्थानकात खुद्द रशियाचेही अंतराळवीर होते!

भारतानेही २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्र सोडून आपला एक उपग्रह टिपला. मात्र ही चाचणी तीनशे किलोमीटरपेक्षा कमी उंचीवर मुद्दाम केली होती, जेणेकरून तुकडे लवकर खाली येऊन जळावेत. बहुतेक तुकडे तसे आलेही. तरी काही तुकडे उसळून अंतराळ स्थानकाच्याही वर गेले, आणि अमेरिकेच्या अवकाश संस्थेच्या प्रमुखांनी त्यावर जाहीर टीका केली. त्यांच्या देशाने अशा चाचण्या आधीच करून घेतल्या होत्या, ही गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा विध्वंसक चाचण्या थांबवण्याचा ठराव आला तेव्हा १५५ देश बाजूने होते. भारत तटस्थ राहिला. शेजारी चीन विरोधात मत देत असताना आपण हात बांधून घ्यावेत का, हा प्रश्न रास्तच आहे. पण आता आपलेच अंतराळवीर त्याच उंचीवर जाणार आहेत, हेही त्या प्रश्नाच्या जोडीला ठेवायला हवे.

कारण तिथला वेग! ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर. मुंबई ते झाशी हे सरळ रेषेतले अंतर अवघ्या दोन मिनिटांत काटणारा वेग. या वेगाने येणारा बोराएवढा बोल्टसुद्धा यानाचे भगदाड पाडू शकतो. युरोपच्या अवकाश संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एक सेंटिमीटरहून मोठे असे बारा लाखांच्या आसपास तुकडे पृथ्वीभोवती फिरत आहेत. एका टकरीतून हजार तुकडे, त्यांतून पुढच्या टकरी, अशी साखळी सुरू झाली तर काही उंच्या कायमच्या निरुपयोगी होतील. मग तिथे ना लष्कराचा उपग्रह राहील ना हवामानाचा. आणि हवामानाच्या उपग्रहाची किंमत काय, हे ओडिशाला विचारावे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळात उपग्रहांनी वेळीच दाखवलेली वाट आणि प्रशासनाने हलवलेली लाखो माणसे यांमुळे मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला.

ओडिशाने या गोष्टीची दुसरी बाजूही पाहिली आहे. १९८० च्या दशकात बालियापाल इथे क्षेपणास्त्रांसाठी नवे चाचणी क्षेत्र करायचे ठरले. तेव्हा विड्याची पाने, नारळ आणि भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी जमीन सोडायला साफ नकार दिला, रस्त्यांवर अडथळे उभारले आणि सरकारी गाड्या वर्षानुवर्षे आत येऊ दिल्या नाहीत. बालियापालचे लोक जागेवर राहिले. श्रीहरिकोटाचे यानादी आदिवासी एवढे सुदैवी नव्हते. तळ उभारताना त्यांची वस्ती बेटावरून हलली. तमिळनाडूतल्या कुलशेखरपट्टिनम इथे फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या अवकाश तळाची कोनशिला बसली, दोन हजारांहून अधिक एकरांवर. इथून दक्षिणेकडे सरळ उड्डाण करता येते, श्रीलंकेला वळसा घालावा लागत नाही, इंधन वाचते. शास्त्राच्या दृष्टीने जागा उत्तम. पण उड्डाणाच्या दिवशी समुद्र बंद राहणार, आणि कोळ्याचा रोज बुडाला की त्याच्या घरातले जेवण बुडते. उड्डाणे वर्षाला दोन-चार असतील तर चालून जाईल. पंधरा-वीस झाली, तर त्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब उड्डाणाच्या खर्चातच धरायला हवा.

झाडलोट सुरू झाली आहे

सुदैवाने हात जोडून बसण्याची वेळ नाही. ७ मार्च २०२३ रोजी इस्रोने ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा निवृत्त उपग्रह उरल्यासुरल्या इंधनाच्या बळावर मुद्दाम खाली आणला आणि पॅसिफिक महासागराच्या निर्मनुष्य भागावर उतरवला. असे उतरवण्यासाठी तो मुळात बनवलेलाच नव्हता, म्हणून या कामाचे मोल अधिक. मार्च २०२४ मध्ये पीएसएलव्हीचा शेवटचा टप्पा, त्यावरचे प्रयोग संपल्यावर, वातावरणात परत आला आणि त्या मोहिमेचा कोणताही कचरा कक्षेत उरला नाही. २०३० पर्यंत सर्व भारतीय मोहिमा, सरकारी असोत वा खासगी, कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट इस्रोने जाहीर केले आहे. यामागे एक जुना अनुभवही आहे. २००१ मध्ये आपल्याच एका पीएसएलव्हीचा वरचा टप्पा कक्षेत फुटून साडेतीनशेहून अधिक तुकडे झाले होते. तेव्हापासून काम संपलेल्या टप्प्यातले उरलेले इंधन सोडून देण्याची काळजी घेतली जाते, म्हणजे तो पुढे फुटत नाही.

कायद्याची बाजू मात्र लंगडी आहे. अवकाश व्यवहारांच्या कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांसमोर ठेवला गेला, २०२३ मध्ये अवकाश धोरण आले, खासगी कंपन्यांना दार उघडले, पण २०२५ संपेपर्यंत कायदा काही झाला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम अशा दूरच्या जिल्ह्यांतल्या शाळा आणि आरोग्य केंद्रांना आकाशातून इंटरनेट मिळावे, असा त्यामागचा हेतू. गडचिरोलीच्या मुलांना ते मिळावेच. पण हेच उपग्रह वरून जाताना नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कानात किती गोंगाट करतील, आणि पाच वर्षांनी त्यांची पूड कुठे बसेल, हेही त्याच टेबलावर विचारले गेले तर बरे. गडचिरोलीला लागूनच चंद्रपूर जिल्हा आहे, आणि त्यात ते लाडबोरी.

तुमच्या गावात पडले तर?

शक्यता फार कमी. पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाणी, उरलेल्यातही बरेचसे रान. तरी सिंदेवाहीत पडले, आणंदला पडले, तेव्हा दोन गोष्टी घरातल्या मुलांनाही सांगून ठेवाव्यात. आकाशातून पडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावू नये, तिच्यासोबत फोटो काढायला जवळ जाऊ नये आणि भंगार म्हणून तर मुळीच उचलू नये. टाकीत हायड्राझीनचा अंश असू शकतो. तो डोळ्यांना, फुप्फुसांना आणि यकृताला बाधतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, लांब उभे राहावे, गुरे हलवावीत आणि पोलीस पाटलांना किंवा तहसीलदारांना कळवावे. लष्करी सरावाच्या मैदानांजवळ राहणाऱ्यांना ही शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही. न फुटलेला गोळा पितळेच्या मोहाने उचलला की काय होते, हे त्यांनी ऐकलेले असते.

आणि नुकसान झाले तर भरपाई मागता येते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ज्या देशाने वस्तू अवकाशात सोडली त्याने जमिनीवर झालेले नुकसान भरून द्यायचे असते. चूक कोणाची, हा प्रश्नच तिथे येत नाही. जानेवारी १९७८ मध्ये रशियाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ उपग्रह कॅनडाच्या बर्फात कोसळला. साफसफाईसाठी कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, रशियाने तीस लाख देऊन प्रकरण मिटवले. घर असो, विहीर असो, उभे पीक असो की दावणीची म्हैस, दावा मात्र शेतकऱ्याला परस्पर करता येत नाही. तो त्याच्या सरकारनेच दुसऱ्या सरकारकडे करायचा असतो, आणि तोही एक वर्षाच्या आत. म्हणून वस्तू पोलीस उचलून नेण्याआधी तलाठ्याकडून जागेचा पंचनामा करून घ्यावा आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.